कोल्हापुरात उघड्यावरचं कृष्णधवल पोर्ट्रेट : ऊन, सोपा आणि गुलाल

उत्तरेचा_उंबरा (धागाकर्ता)

फोटोंच्या धाग्यावर अधूनमधून एकच प्रश्न फिरून येतो. "रंगीत फोटो बरा होता, कृष्णधवल केला आणि चेहरा मातकट झाला. असं का?" दर वेळी तुटक उत्तरं देण्यापेक्षा इथं एकदा सविस्तर लिहितो. स्टुडिओ, फ्लॅश, सॉफ्टबॉक्स यातलं काहीही नाही. माणूस, ऊन-सावली आणि हातात जो असेल तो कॅमेरा. उदाहरणं कोल्हापूरचीच देणार, कारण मी फिरतो तेच पेठांमधून.

गव्हाळ चेहरा आणि फिकट हिरवी भिंत रंगीत फोटोत आपोआप सुट्या दिसतात. दोन्हींचा उजळपणा सारखा असेल तर कृष्णधवलात दोन्ही एकाच करड्या छटेत जातात आणि माणूस भिंतीत मुरतो. म्हणून बटण दाबायच्या आधी डोळे किलकिले करून बघा. बारीक तपशील जातो, फक्त उजेड आणि काळोखाचे ठोकळे उरतात. त्यात चेहरा वेगळा दिसला नाही तर फोटो काढून नंतर काँप्युटरवर झटापट करण्यात अर्थ नाही. माणसाला दोन पावलं सरकवा, मागं एखादं काळपट दार घ्या.

आता दिशा, आणि यावर मी जरा हट्टी आहे. "ढगाळ हवा पोर्ट्रेटला सगळ्यात चांगली" हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलंय की लोक ते तपासतच नाहीत. जून ते सप्टेंबर आपल्याकडं ढगांना तोटा नाही, तरी त्या दिवसांतले बहुतेक चेहरे मरगळलेले दिसतात. ढगांचा उजेड मऊ असतो हे खरं, पण तो बराचसा डोक्यावरून येतो. कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळतो, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. रंगीत फोटोत हे खपून जातं. कृष्णधवलात तेवढंच दिसतं.

उपाय फुकटचा आहे: छपराखाली या. शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, जिथं म्हणून जुनी कौलारू घरं उरलीत तिथल्या सोप्यासारखी, म्हणजे दारातल्या छपराखालच्या ओसरीसारखी, जागा पैसे देऊन मिळणार नाही. माणसाला उंबऱ्याच्या हातभर आत उभं करा, तोंड रस्त्याकडं. वरचा उजेड छपरानं कापला, आता जो येतो तो समोरून. बुबुळात दाराचा पांढरा चौकोन उमटतो आणि डोळे जिवंत होतात. समोरच्या घराला पांढरा चुना असेल तर ती भिंतच तुमचा रिफ्लेक्टर. माणसाला अजून हातभर आत घेतलं की गालाची एक बाजू अंधारायला लागते. सौम्य हवं की नाट्यमय, ते त्या हातभरात ठरतं.

आणि परदेशी पुस्तकांतला "उत्तरेकडच्या खिडकीत थेट ऊन कधीच येत नाही" हा नियम इथं जसाच्या तसा लावू नका. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. उलट डिसेंबरअखेर दुपारी बारा-साडेबारालाही तो ५० अंशांच्याच आसपास. म्हणजे "दुपारी पोर्ट्रेट काढू नये" हा मेचा नियम आहे, डिसेंबरचा नाही. थंडीत मी दुपारी दोनलाही बिनधास्त काढतो.

विचारा काय विचारायचं ते.

पावशेर_प्रकाश

मस्त धागा. आम्हा मोबाइलवाल्यांना यात प्रवेश आहे का?

उत्तरेचा_उंबरा

आहे की. फक्त कॅमेऱ्यातला मोनो फिल्टर लावून काढू नका. रंगीत काढा आणि नंतर बदला, कारण रंग शिल्लक असेल तरच कुठला रंग किती उजळ करायचा हे तुमच्या हातात राहतं. स्नॅपसीडच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगीत फिल्टरांचे गोल आहेत. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. एकाच चेहऱ्यावर पाचही लावून बघा, अर्धा विषय तिथंच कळेल.

चेहऱ्यावर बोट टेकवून एक्स्पोजर थोडं खाली ओढा. एकपटीच्या लेन्सनं जवळ जाऊन काढलात तर नाक मोठं येतं, म्हणून दोनपटीवर जा आणि मागं सरका. पोर्ट्रेट मोडच्या खोट्या धुरकटपणावर विसंबू नका. फेट्याचा तुरा तो हमखास कापतो.

तांबडी_माती

भावा, लई भारी लिवलंयस. आमचा विषय जरा येगळा हाय. तालमीतली पोरं मेहनत करून भाईर कट्ट्यावर येत्यात, अंगाला माती, घाम, सकाळचं ऊन. डोळ्याला बघशील तर नाद खुळा. फोटो काळापांढरा केला की माती कुठली आन् कातडं कुठलं कळतच नाय. काय करायचं?

सिल्व्हर_जिलेटिन

याचं उत्तर मी देतो, कारण हा फिल्मच्या जमान्यातला प्रश्न आहे.

आखाड्याची माती तांबडी. आपली त्वचा, गोरी असो की सावळी, मुळात नारिंगी-तांबड्या घरातली. तांबड्या फिल्टरमधून दोन्ही उजळतात आणि एक होतात. म्हणून तिथे तांबडा फिल्टर लावू नये. उलट दिशेला जावे: हिरवा किंवा पिवळा-हिरवा. माती गडद होते, घामाची चकाकी तशीच राहते आणि पाठीवर मातीचा प्रत्येक ओरखडा उमटतो. डिजिटलवर असाल तर मिक्सरमध्ये, म्हणजे प्रत्येक रंग वेगळा उजळ-गडद करायच्या पट्ट्यांत, तांबडा खाली, नारिंगी जागेवर. आणि ऊन बाजूने घ्या. समोरून घेतलेत तर पाठ सपाट दिसेल.

या गावाला हे सांगावे लागू नये खरे तर. मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी इथे कॅमेरा चालवला त्या काळात मूकपटांना सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. तांबडे ते काळे. ओठ काळे, कुंकू काळे, उन्हात रापलेला चेहरा आणखी रापलेला. नटांच्या रंगभूषेचे सगळे गणित त्यावर बेतलेले असे. नंतर सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली आणि तांबड्याला त्याचा वाटा मिळाला. ऑर्थोची गंमत बघायची असेल तर इलफर्डची ऑर्थो प्लस फिल्म आजही मिळते, ८० आयएसओ (हा फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा). कुस्तीगिरांना ती फार शोभते.

तांबडी_माती

काका, फिल्मचं आमाला परवडत नाय, पर तांबडा खाली ओढून बघतो. आन् एक सगळ्यांनाच सांगतो. तालमीत येताना चपला भाईर, हौद्यात, म्हंजे कुस्तीच्या मातीत, पाय ठेवायचा नाय, आन् पयलं वस्तादांना इचारायचं. परवानगी नसताना मोबाइल काढून शूटिंग करायला लागलं की डोकं फिरतंय.

गडहिंग्लजकरीण

माझा प्रश्न याच्या उलटा आहे. सासूबाईंचा फोटो काढला, दारातल्या तुळशीपाशी, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मोबाइलमध्ये तांबडा फिल्टर लावल्यावर चेहरा इतका सुंदर उजळला, आणि कुंकूच गायब! त्या म्हणाल्या, "माझं कपाळ मोकळं का गं दाखवलंस?" आता तो फोटो त्यांना परत दाखवायची सोय राहिली नाही.

उत्तरेचा_उंबरा

:) हे अगदी होणारच. तांबड्या फिल्टरला कुंकू आणि कपाळ दोन्ही सारखंच उजळ दिसतं.

त्वचा बरीचशी नारिंगीत असते आणि कुंकू बरंचसं तांबड्यात. या दोघांना वेगळं करायचं असेल तर एकच गोल फिल्टर पुरत नाही, मिक्सर लागतो. लाइटरूमच्या मोबाइल आवृत्तीत ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी मिळते. नारिंगी थोडी वर, तांबडी बरीच खाली. चेहरा उजळ राहील आणि कुंकू गडद, ठसठशीत येईल. मात्र फार ओढू नका. दोन शेजारच्या पट्ट्या टोकाला नेल्या की गालावर डाग पडल्यासारखं दिसतं, ओठांच्या कडा फाटतात.

जोतिबाच्या चैत्र यात्रेचे फोटो काढणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. गुलालात न्हालेला माणूस तांबड्या फिल्टरमध्ये पीठ फासल्यासारखा पांढरा दिसतो, हिरव्यात काळाकुट्ट. दोन्ही फोटो खरेच. कुठला हवा ते डोंगरावर चढायच्या आधी ठरवलेलं बरं, कारण मागची बाजू त्याप्रमाणे शोधावी लागते. पांढऱ्या गुलालाला गडद मागचं, काळ्या गुलालाला आभाळ.

बिनकामाचा_बिनखांबी

तांत्रिक चर्चा छान. पण मला कृष्णधवल पोर्ट्रेटचाच कंटाळा आलाय, आणि कारण सांगतो. पंचगंगा घाटावर बसलेली म्हातारी, सुरकुत्या, क्लॅरिटी शंभरावर, खाली "जीवन" असं शीर्षक. दर आठवड्याला तोच फोटो, वेगळा फोटोग्राफर. त्या बाईला विचारलं होतं का कुणी?

घाटावरचा

विचारून काढला की चेहरा बदलतो. कँडिडची मजा जाते. सगळे थोर स्ट्रीट फोटोग्राफर विचारत बसले असते तर झालंच.

बिनकामाचा_बिनखांबी

स्ट्रीट वेगळं, पोर्ट्रेट वेगळं. लांबून झूम लावून टिपलेल्या माणसाला पोर्ट्रेट म्हणू नका एवढंच.

उत्तरेचा_उंबरा

बिनखांबींशी सहमत. क्लॅरिटीबद्दल तर पूर्णच. क्लॅरिटी मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट फुगवते, त्यामुळं सुरकुती खोल दिसते आणि त्वचा चामड्यासारखी होते. पोत दाखवायचाच असेल तर तो उजेडानं दाखवा. सकाळचं आडवं ऊन गालावरून घासत गेलं की सुरकुती स्वतःच उभी राहते, पट्टी ओढावी लागत नाही.

विचारल्यावर चेहरा बदलतो हेही खरं. पण पाच-दहा मिनिटांत तो परत येतो. पापाच्या तिकटीजवळ चपलांचं काम करणारे एक काका आहेत. विचारलं तर "काढा की" म्हणाले आणि पाठ ताठ करून बसले. मी कॅमेरा मांडीवर ठेवून बोलत राहिलो. थोड्या वेळानं ते तळाचं चामडं टोच्यानं टोचायला लागले, मान खाली, चष्मा नाकाच्या टोकावर. चष्म्याच्या वरून एकदा माझ्याकडं बघितलं, तेव्हा बटण दाबलं. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, त्यामुळं उजेड फक्त समोरून आणि थोडा खालून, रस्त्यावरून उसळून आलेला. विचारल्यानं काही बिघडलं नाही. उलट नंतर प्रिंट द्यायला गेलो तर चहा झाला.

मिसळ_ज्याची_त्याची

पापाच्या तिकटीपर्यंत आलाच आहात तर मिसळ कुठली खाल्ली तेही सांगा.

उत्तरेचा_उंबरा

त्याचा वेगळा धागा आहे आणि तिथं रक्त सांडलंय. इथं नको.

शाहूपुरी_चौथी_गल्ली

वडिलांचा फोटो काढायचाय. रंग चांगला सावळा, पांढरा सदरा, पांढरी टोपी. दर वेळी एक तर टोपी पांढरीफटक जळते नाहीतर चेहरा काळाठिक्कर. मीटरवर भरवसा ठेवू का नको?

सिल्व्हर_जिलेटिन

मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातले उजेड मोजणारे यंत्र, मठ्ठ असतो. समोर जे दिसेल ते मध्यम करडे, साधारण १८ टक्के परावर्तनाचे आहे असे तो समजतो. चौकट पांढऱ्या सदऱ्याने भरली असेल तर त्याला करडा करायला एक्स्पोजर कमी करतो, वडिलांचा चेहरा अंधारात जातो. उलट सावळ्या चेहऱ्यावर स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्यापुरता उजेड मोजणारा) लावलात तर तो त्यालाच करड्यावर उचलतो, टोपी जळते आणि चेहरा त्यांचा राहत नाही.

जुनी युक्ती: वडील उभे आहेत त्याच उजेडात तुमचा तळहात त्यांचा चेहरा आहे त्याच दिशेला तोंड करून धरा, त्यावर मीटर घ्या आणि एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड, द्या. तळहात माणसागणिक फारसा बदलत नाही, म्हणून हे चालते.

उत्तरेचा_उंबरा

यात डिजिटलची भर. टोपीची घडी हिस्टोग्रामच्या (स्क्रीनवरच्या उजेड-काळोखाच्या आलेखाच्या) उजव्या कडेला चिकटू देऊ नका, चेहरा रॉमधून (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमधून) वर उचलता येतो. जळलेला पांढरा परत येत नाही.

आणि मुळात उन्हात कशाला उभं करताय? उन्हात टोपी आणि चेहऱ्यात जेवढं अंतर पडतं तेवढं सावलीत पडत नाही. सोप्यात घ्या, किंवा गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत. दुसऱ्या बाजूनं थर्माकोलचा पत्रा धरला तर गालाला उजेड मिळेल. उजेड फार झाला तर त्याच जागी काळी शाल धरा, गाल खोल जाईल. या काळ्या शालीचा उपयोग लोक फारच कमी करतात.

काहील_चुलवाण

आमच्याकडं गुऱ्हाळ चालू झालं की फोटोवाले येतात. बहुतेकांच्या फोटोत वाफ नुसता पांढरा ढग असतो आणि गुळव्या त्यात हरवलेला. मी स्वतः काढतो ते असे: काहिलीच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईच्या, पलीकडून ऊन येत असेल अशा वेळी, म्हणजे सकाळी लवकर, आणि मागं शेडचा काळा कोपरा. वाफ मागच्या उजेडातच पेटते आणि काळ्यावरच दिसते. समोरून उजेड आणि मागं आभाळ असेल तर वाफ असून नसल्यासारखी. ढवळताना फावडं वर येतं तेव्हा वाफ फाटते आणि क्षणभर चेहरा मोकळा होतो. एक सांगतो, रस उकळत असताना काहिलीच्या काठावर यायचं नाही. रस अंगावर उडाला तर कातडं सोडत नाही.

उत्तरेचा_उंबरा

याहून नेमकं कुणी लिहिलं नसतं. फक्त शटर सेकंदाच्या १/२५० च्या खाली नेऊ नका, हात चालू असतात.

लग्नसराई

मी लग्नाचंच काम करतो. प्रीवेडिंगला पन्हाळा, रंकाळा ठरलेलं. रंकाळ्यावर संध्याकाळी चौपाटीवरून सूर्य पाण्यापलीकडं जातो, जोडपं पाठमोऱ्या उजेडात, केसांना कड मस्त येते, चेहरा मात्र अंधारात. रिफ्लेक्टर धरला की दोघंही डोळे मिटतात. आणि गिऱ्हाइकाला कृष्णधवल दिलं की "रंग कुठं गेला, पैसे पूर्ण घेतले ना?" असा चेहरा.

उत्तरेचा_उंबरा

रिफ्लेक्टर चंदेरी असेल म्हणून डोळे मिटतात. पांढरा वापरा आणि डोळ्यांच्या रेषेच्या जरा बाजूनं धरा. नाहीतर सूर्य बुडेपर्यंत थांबा. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं पश्चिमेचं सगळं आभाळच मोठी खिडकी होतं, तेव्हा जोडप्याला उलटं फिरवा, तोंड पाण्याकडं.

थंडीचे दिवस धरा. किरणोत्सवाच्या तारखा सगळ्यांना पाठ असतात, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. या दोन्ही वेळी सूर्य दक्षिणेला जवळजवळ सारखाच कललेला असतो, म्हणून तर मावळतीची किरणं अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरतात. या दोन तारखांच्या मधले जे अडीच-तीन महिने आहेत ना, ते आपले. ऊन दिवसभर तिरपं.

गिऱ्हाइकाबद्दल माझ्याकडं औषध नाही.

पावशेर_प्रकाश

लक्ष्मीपुरीच्या बाजारात काढून बघितले. वर निळ्या ताडपत्र्या, सगळ्या भाजीवाल्या निळ्या आल्या. कृष्णधवल केल्यावर एकदम बरे वाटले. हे फसवणं झालं का?

उत्तरेचा_उंबरा

अजिबात नाही, हा तर कृष्णधवलचा फायदाच. ताडपत्री हा भलामोठा मऊ पडदा आहे. रंगीत फोटोत जो उजेड नासका, तो इथं वापरता येतो. लग्नाच्या मांडवातला पिवळा उजेड, झाडाखालचा हिरवा, सगळं तसंच.

एक अडचण मात्र आहे. निळ्या ताडपत्रीखाली तांबडा उजेड मुळातच कमी पोचतो. त्यामुळं त्वचा उजळायला तांबडी-नारिंगी पट्टी वर नेलीत तर नुसती खरखर वर येते. तिथं मिक्सरला हात लावू नका. भाजीवालीला ताडपत्रीच्या कडेकडं, जिथं उघडं आभाळ दिसतं तिकडं तोंड करायला सांगा.

सिल्व्हर_जिलेटिन

फिल्मवाल्या मंडळींसाठी दोन आकडे. ४०० आयएसओची फिल्म, लख्ख ऊन: एफ/१६ ला (लेन्सचे छिद्र बारीक) शटर १/५०० सेकंद. उघड्या सावलीत तीन स्टॉप सोडा, म्हणजे एफ/५.६ ला तेच शटर. पिवळा फिल्टर एक स्टॉप खातो, गडद तांबडा तीन. लेन्समधून मोजणारा मीटर असेल तर हे तो बराचसा स्वतः धरतो, हातातला मीटर असेल तर तुम्ही धरा. आणि मे महिन्यात घरी डेव्हलप करणाऱ्यांनी बर्फ आणून ठेवावा. नळाचे पाणी २० अंशांच्या बरेच वर असते, वेळ तीच ठेवलीत तर निगेटिव्ह काळीठोक होते.

लग्नसराई

प्रिंट कुठं करता? एका लॅबमधून आणलेले कृष्णधवल प्रिंट हिरवट आले. परत दिले तर जांभळट आले.

सिल्व्हर_जिलेटिन

रंगीत कागदावर कृष्णधवल छापले की असे होते. तीन रंगांच्या थरांतून करडा बनवायचा, एक थर जरा हलला की झाक आली. पिगमेंट शाईच्या इंकजेटवर मॅट कागद मागा, आणि आधी एक छोटी चाचणी प्रिंट घ्या. ती दारात, दिवसाच्या उजेडात बघा. दुकानातल्या ट्यूबखाली पास करू नका.

गडहिंग्लजकरीण

तांबडी खाली, नारिंगी वर केलं. कुंकू आलं! सासूबाईंना दाखवला, "आता बरी दिसते" म्हणाल्या. पण हातातल्या हिरव्या बांगड्या आणि मागची तुळस एकच काळं झालंय. आता?

उत्तरेचा_उंबरा

हिरवी पट्टी वर घेतली तर दोन्ही एकदमच उजळतील, वेगळ्या होणार नाहीत. तुळशीत बहुधा पिवळा जास्त असतो आणि काचेच्या बांगड्यांत निळसर झाक, म्हणून पिवळी थोडी वर घ्या आणि हिरवट-निळी खाली. नाहीच जमलं तर पुन्हा काढा आणि हात पदरावर ठेवायला सांगा. पदर कुठल्या रंगाचा आहे?

गडहिंग्लजकरीण

मोरपंखी. जरीचे काठ.

उत्तरेचा_उंबरा

मग पदरावर नको, जरीच्या काठावर.